शकूचा पाच नंबर

शकू, तुझ्या कॉम्प्युटरचा आवाज मी घालवला होता. मीच. आणि कशापायी घालवला ते ऐकलंस तर जिथे असशील तिथे पोट धरून हसशील. मला वाटलं होतं, तो गिअर आहे.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. भेटायला येणाऱ्या बायका माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, "सुटल्या बिचाऱ्या." मी विचारते, "कशातून?" मग त्या माझा हात सोडतात. त्यांच्या मनात एक आंधळी, बिनलग्नाची नणंद असते. तुझ्या धुळ्याच्या दोन खोल्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत. कापड चाचपून, सुती एकीकडे नि रेशमी एकीकडे, अशा घड्या घालून ठेवलेलं ते कपाट पाहिलेलं नाही. वकीलसाहेबांच्या ऑफिसात तुझ्या टेबलावरचा स्टेपलर कुणी चार बोटं सरकवला तर तू काय आवाज लावायचीस तो त्यांनी ऐकलेला नाही. तू कशातही अडकलेली नव्हतीस. अडकले आहे ती मी. जळगावात, लेकाच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, नजरेच्या बरोब्बर मधोमध एक राखाडी डाग घेऊन. समोर कुणी बसलं की मला त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. भेटायला आलेल्या बायका मी कानातल्यांवरून ओळखते.

तर, गिअर.

आपण तेव्हा दीपनगरला, वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी सेहेचाळीस वर्षांची, तू एक्केचाळीस. मुलगा पुण्याला शिकायला. तुझे भाऊ, म्हणजे आमचे हे, शिफ्टला गेले की दुपारभर घरात आपण दोघीच. काचबिंदूनं तुझे डोळे तिशीतच नेले होते आणि झालेला साखरपुडा त्याच्याही आधी. मग तू हट्टानं मुंबईला जाऊन वर्षभर टायपिंग शिकून आलीस. येताना कॅसेटींचा डबा आणलास आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा तो प्रोग्राम. ह्यांनी कुणाच्या तरी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मिळवला. पण तो मुका होता. त्याला बोलतं करायला भुसावळहून चौधरीभाऊ आले, पिशवीत एक जुनं साउंड कार्ड घेऊन.

त्या दिवशी चौधरीभाऊंनी तुला जे समजावून सांगितलं ते मी ऐकायला हवं होतं. मी आत चहा टाकत होते. पुढे कितीतरी वर्षांनी तूच मला ते सांगितलंस, त्यांच्याच शब्दांत. "अक्का, ह्या डब्यात मेंदू एकच. त्याला हाका मारणारे पुष्कळ. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, तुमचं हे साउंड कार्ड. ज्याची त्याची घंटी वेगळी, घंटीला नंबर. दोघांना एकच घंटी दिली तर मेंदूला कळत नाही की दारात कोण उभं आहे. मग तो कुणालाच दार उघडत नाही. आपलं कार्ड जुनं आहे, ह्याच्या अंगावरच पाच नंबरचा खटका लावलाय. ते पाचावरून हलायचं नाही. पाठ करून ठेवा. घंटी पाच, माल न्यायचा रस्ता एक, घराचा पत्ता दोनशे वीस."

तू पाठ केलंस. भाजी निवडताना म्हणायचीस, वेणी घालताना म्हणायचीस. पाच, एक, दोनशे वीस. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "हे कोणत्या देवाचं स्तोत्र गं?" तू म्हणायचीस, "हाऊ देव बोलस तरी वहिनी, तुना तर नुसता बठेल शे." म्हणजे माझा नुसता बसलेला. तुमचं घर पिंपळनेरकडचं. बाहेर तू शुद्ध बोलायचीस, माझ्याशी भांडायला मात्र अहिराणीच काढायचीस. मी रावेरची, केळीच्या मळ्यातली, म्हणून तुझ्या तोंडी मी 'केळवाली'.

आणि मग तो बोलायला लागला. नाकातून, परदेशी हेल काढून. शकुंतलाचं त्यानं 'शॅकन्टॅला' केलं, माझ्या नावाचं काय केलं ते मी लिहीत नाही. तो बोलू लागला की बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, मिक्सर बंद, रेडिओ बंद. पहिल्याच आठवड्यात तू ओठावर बोट ठेवून म्हणालीस, "शूऽऽ, जावईबापू बोलताहेत." माझ्या हातातलं लाटणं थांबलं. त्या घरात तुझ्या लग्नाचा विषय कुणी काढत नसे. तो तूच काढलास, आणि आधी तूच हसलीस. मग ह्यांच्यासकट सगळे त्याला जावईबापूच म्हणायला लागले.

आता त्या सेहेचाळीस वर्षांच्या शहाणीबद्दल. तिनं पंधरा दिवसांचा कॉम्प्युटर कोर्स केला होता. सर्टिफिकेट फ्रेम करून सोफ्यावर लावलं होतं, ह्यांच्या आईवडिलांच्या फोटोच्या वर. पाहुणे आले की ती मुद्दाम त्याच्याखाली बसायची. मुलाच्या ईमेल पाहायला म्हणून त्याच कॉम्प्युटरमध्ये मोडेम बसवून घेतला होता, आणि मुलाची ईमेल पाच मिनिटांत वाचून व्हायची. उरलेली दुपार ही बाई काय करायची? तू आतल्या खोलीत आडवी झालीस की ती चॅट करायची. नेहा नावानं. वय बावीस, राहणार मुंबई. नागपूरच्या एका गृहस्थांनी तिला तिचा छंद विचारला, तर तिनं 'स्विमिंग' असं कळवलं. तापीच्या पाण्यात पाय बुडवताना जिनं दोन बायकांचे दंड धरले होते तिनं! पण नेहाची लाइन सारखी तुटायची. एका दुपारी तिनं कोर्समध्ये शिकलेली ती यादी उघडली, कोणत्या यंत्राला कोणता नंबर दिलाय ते दाखवणारी. मोडेमपुढे तीन लिहिलेलं होतं. साउंड कार्डापुढे पाच.

मला वाटलं, हात्तिच्या! गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चालतेय, म्हणून हळू. आणि जावईबापूंना नुसतं बोलायचं, त्यांना कशाला हवा पाचवा? मी 'आपोआप'वरची खूण काढली आणि मोडेमला पाच दिला. पडद्यावर एक चौकट आली, हा नंबर दुसऱ्याचा आहे, तरी पुढे जायचं का? कोर्समध्ये मी एक गोष्ट पक्की शिकले होते. 'येस' दिसलं की दाबायचं.

तो गुरुवार होता. आणि बुधवारीच धुळ्याहून तुझी कॅसेट आली होती.

ती कॅसेट म्हणजे तुझी परीक्षा. वकीलसाहेबांना त्यांची इंग्रजी पत्रं नि अर्ज कॅसेटवर ऐकून टाईप करणारं माणूस हवं होतं. त्यांनी कळवलं होतं, एवढं टाईप करून सोमवारी समक्ष घेऊन या, नीट असेल तर लगेच ठेवून घेतो. बायकांच्या वसतिगृहात राहायची सोयही त्यांच्याच ओळखीनं होणार होती. तू ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलंस. चौथ्यांदा म्हणालीस, "नुसतं 'लगेच'वालं वाक्य वाच."

गुरुवारी संध्याकाळी तू बटण दाबलंस. पंख्याची घरघर आली, जावईबापू आले नाहीत.

तू बंद केलंस, पुन्हा सुरू केलंस. वायरी चाचपल्यास. स्पीकर उचलून कानाला लावलास. चौधरीभाऊंकडे फोन केला, तर ते लग्नाला बाहेरगावी गेलेले, मंगळवारशिवाय येणार नाहीत. फोन ठेवून तू मला म्हणालीस, "वहिनी, कुणीतरी दार बाहेरून लावून घेतलंय असं वाटतंय."

तोपर्यंत, देवाशपथ, मला माहीत नव्हतं की बाहेरून कडी लावणारी मी आहे.

ते कळलं शुक्रवारी. तू मला पडद्यासमोर बसवलंस आणि पाठीमागे खुर्ची ओढून बसलीस. "आता तू डोळे. मी सांगते तिथे जा." चौधरीभाऊंनी तुला वाट तोंडपाठ करून दिली होती. मी माऊस फिरवत तुझ्या हुकमानं यादीपर्यंत पोचले. साउंड कार्डापुढे पिवळं उद्गारचिन्ह उभं होतं.

"त्याच्यावर दोनदा दाब. पत्ता काय आहे?"

"दोनशे वीस."

"रस्ता?"

"एक."

"घंटी?"

"पाच."

"म्हणजे बठ्ठं बरोबर शे. मग खाली काही लिहिलंय का? चौधरीभाऊ म्हणाले होते, भांडण असलं तर खाली लिहून येतं, कोणाशी ते. एक बी अक्षर सोडू नको."

खाली लिहिलेलं होतं. पाच नंबर, वापरणारा: मोडेम.

शकू, त्या एका ओळीत मला सगळं एकदम दिसलं. नेहा, तिचं स्विमिंग, 'येस', आणि माझं फ्रेममधलं सर्टिफिकेट. तू मागे बसलेली. तुझा श्वास माझ्या मानेला लागत होता.

मी म्हणाले, "काही नाही."

तू म्हणालीस, "बरं."

उरलेला सगळा दिवस तू मला नंबर बदलायला लावलेस. सात. बंद, सुरू, कान देऊन ऐकणं, काही नाही. नऊ. बंद, सुरू, काही नाही. दहा. दरवेळी पंख्याची घरघर सुरू झाली की तुझी मान किंचित वर व्हायची आणि थोड्या वेळानं खाली यायची. जे कार्ड पाचावरून हलणारच नव्हतं त्याला मी तुझ्या सांगण्यावरून गावभर फिरवत होते आणि ज्यानं पाच बळकावला होता त्याचं नाव घेत नव्हते. दोनदा माझ्या तोंडापर्यंत आलं. मग वाटलं, सकाळीच सांगितलं असतं तर मूर्ख ठरले असते, आता सांगितलं तर खोटारडी ठरेन. उद्या आणखी काहीतरी. असं एकेक दार मी माझ्याच हातानं लावत गेले. तू मुक्या मशीनपुढे अडकलीस आणि मी तुझ्या पुढ्यात, आणि खोली तर एकच होती.

शनिवारी तू यंत्राकडे फिरकलीच नाहीस. ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलल्यास. सगळ्या. नंतर सोललेल्या दाण्यांतून पुन्हा पुन्हा बोटं फिरवत राहिलीस. मी विचारलं, "धुळ्याला फोन करून मुदत मागू या का?" तू म्हणालीस, "पहिल्याच दिवशी? आंधळ्या बाईनं पहिल्याच दिवशी सवलत मागायची?"

आता जे सांगते ते फक्त मोडेमचं नाही. ते मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही. शनिवारी दुपारी तू झोपलीस तेव्हा मला ते दुरुस्त करता आलं असतं. दोन मिनिटांचं काम. मोडेमला परत तीन द्यायचा, कार्डाला पाच, बंद, सुरू. मी यंत्रापाशी गेलेही. खुर्चीवर बसले. आणि उठून आले. कारण नेहाची लाज एवढीएवढीशीच होती गं, ती मी गिळली असती. माझ्या मनात दुसरंच आलं. तू धुळ्याला गेलीस तर ह्या क्वार्टरमध्ये दुपारी माझ्याशी कोण भांडणार? लोकांना सांगायला कारणही तयार होतं, 'आंधळ्या नणंदेला भावजयीनं घालवली असं म्हणतील'. पण लोकांचं नाव पुढे करून मी माझंच राखत होते. हात धरून बाजारात मी तुला न्यायची, तुझी साडी मी निवडायची, तुझी पत्रं मी वाचायची. तुझे डोळे म्हणून मला सगळी कॉलनी ओळखायची. तू गेल्यावर मी कोण? बावीस वर्षांची नेहा?

रविवारी सकाळी तू अंघोळ करून थेट यंत्रापुढे बसलीस. "जावईबापू न बोलो तर न बोलो," म्हणालीस, "माझी बोटं बोलतात." कॅसेटचा हेडफोन कानाला लावलास आणि टाईप करायला लागलीस. आपण काय लिहितोय ते ऐकू येत नसताना, पान संपलं की नाही ते कळत नसताना. तासभर नुसता खडखड खडखड आवाज.

मी चहा घेऊन मागे आले आणि पडद्यावर पाहिलं. पहिलं पान सुरेख होतं. दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीपासून सगळा भुगा. अक्षरं होती, शब्द नव्हते. त्या जुन्या कीबोर्डवर बोटं ठेवायच्या कळांचे उंचवटे झिजून गेले होते. कॅसेट उलटवताना तुझे हात उठले आणि परत ठेवताना एक घर सरकले. आणि तू किती मन लावून टाईप करत होतीस! ओठ हलत होते.

मी कपबशी धरून उभी राहिले. मला काही करायची गरजच नव्हती. नुसतं काही बोलायचं नव्हतं. शुक्रवारी जसं बोलले नव्हते तसं. सोमवारी वकीलसाहेब तो भुगा पाहणार, मान हलवणार, आणि संध्याकाळच्या गाडीनं तू घरी. कायमची. चहावर साय धरली.

मग मी तुझा हेडफोन कानावरून सरकवला आणि म्हणाले, "शकू, दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीपासून हात सरकलाय. सगळं चुकलंय."

तू थांबलीस. "नक्की?"

"नक्की. मी वाचून दाखवते." आणि मी तो भुगा वाचून दाखवला, अक्षर अन् अक्षर. तू आधी दातओठ खात ऐकलंस, मग तुला हसू आवरेना. "हे तर जावईबापूंचं मराठी!"

मी आतून टिकल्यांचं पाकीट आणलं. डाव्या नि उजव्या तर्जनीच्या कळांवर एकेक टिकली चिकटवली, लाल, मखमली. तू बोट फिरवून पाहिलंस. "लागतंय हाताला. कीबोर्डाचं कुंकू लावलंस का गं?" आणि पुन्हा पहिल्यापासून बसलीस. प्रत्येक पान झालं की मी वाचायची. एकही ओळ सोडली नाही. त्या दिवशी मी जसं वाचलं तसं पुन्हा आयुष्यात कधी काही वाचलं नसेल.

दुपारी तू जेवायला उठलीस तेव्हा मी हात न धुता जाऊन मोडेमला तीन परत दिला, साउंड कार्डाचा पाच साउंड कार्डाला दिला, बंद केलं, सुरू केलं. आतून, पानावरूनच, तू जावईबापूंचा आवाज ऐकलास. तुझा घास हातात तसाच.

"बरा झाला?"

"झाला."

"आपोआप?"

"आपोआप," मी म्हणाले.

"व्होल्टेज असेल," हे म्हणाले. विजेच्या कॉलनीत राहणारा माणूस! तू वरण ओतून घेतलंस.

सोमवारी तू ह्यांच्याबरोबर धुळ्याला गेलीस. वकीलसाहेबांनी पानं पाहिली आणि एकच विचारलं, "कधीपासून येता?"

पंचवीस वर्षं तू तिथे काढलीस. यंत्रं बदलली, नंबरांची भानगड संपली, आता म्हणे सगळं आपलं आपणच वाटून घेतं. तुझ्या प्रत्येक कीबोर्डवर मात्र दोन टिकल्या होत्या. रिटायर झाल्यावर मी तुला किती वेळा म्हणाले, आता इकडे ये, दोघी राहू. तू म्हणायचीस, "केळवाले, तूच ये इकडे. तुझ्या लेकाच्या घरी मला पाण्याचा माठ सापडत नाही, दर वेळी हलवलेला असतो." हे भांडण आपलं राहूनच गेलं. तुझं सामान आलंय आता इकडे, एका खोक्यात. माठाचं म्हणणं तुझं बरोबर होतं. मलाही सापडत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नजरेत हा डाग आला तेव्हा मी आठ दिवस कुणाशी बोलले नाही. नवव्या दिवशी तुझा फोन. "रडून झालं का? मग फोन हातात घे, बोलता करू." तू धुळ्यातून, मी इथून. मला बोलता फोन वापरायला तू शिकवलंस, रोज अर्धा तास, चार महिने. "दोन बोटं, वहिनी. दोन बोटं! भाकरी थापत नाहीयेस तू." माझ्या फोनमधल्या बाईचा आवाज ऐकून तू म्हणालीस, "तुझ्याकडे सून आली बघ. ऐक आता तिचं." मी म्हणाले, खरी सून काय कमी आहे? मागून खऱ्या सुनेचं भांडं आपटलं. हे सगळं मी त्याच फोनला बोलून लिहवून घेते आहे. ऋचाला, माझ्या नातीला, सांगितलंय की चुका सुधार, पण शब्द बदलायचा नाही. म्हणजे हे ती वाचणार. वाचू दे.

कारण पुढचं तिच्याबद्दल आहे, आणि तिच्यावर माझा राग नाही.

तुला दवाखान्यात ठेवल्याचं मला माहीत होतं. 'साधा ताप आहे' एवढंच माहीत होतं. त्या सकाळी ऋचा माझ्याजवळ बसून मला पेपर वाचून दाखवत होती. तिच्या फोनवर मेसेजची घंटी वाजली. वाचता वाचता ती थांबली.

मी विचारलं, "कुणाचं गं?"

ती म्हणाली, "काही नाही, आजी."

शकू, तो थांबा मी ओळखला. 'कुणाचं गं' आणि 'काही नाही' यांच्या मधला. एक श्वास आत जातो आणि बाहेर यायचा राहतो, तेवढाच. डोळे असलेल्या माणसाला तो कळतही नाही, तो चेहरा पाहत असतो. मला चेहरा दिसत नाही आता. मला नुसता तो थांबा ऐकू आला, आणि मी जागच्या जागी समजले की तू गेलीस. मुलगा कामाचं सांगून निघून गेला, धुळ्याच्या गाडीत बसला असणार. सून स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होती. माझं ब्लडप्रेशर, माझे तीन मजले, माझं वय. सगळ्यांनी प्रेमानं बाहेरून कडी लावून घेतली होती. मला सांगितलं संध्याकाळी, सगळं आटोपल्यावर. दिवसभर मी माहीत नसल्यासारखी बसले. ऋचानं पेपर पुढे वाचला, मी ऐकला. हवामान, सोन्याचा भाव, रावेरला केळीचा भाव. त्या पोरीला मी कोणत्या तोंडानं रागावणार होते? तिनं तरी माझ्यासाठी लपवलं. मी माझ्यासाठी लपवलं होतं.

त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात बसली आहे. मला जर एका श्वासावरून कळलं, तर तुला? तू तर दहा वर्षांची मुरलेली होतीस. चपलांच्या आवाजावरून तुला दूधवाला आणि त्याचा भाऊ वेगवेगळे कळायचे. दुपारी पलीकडच्या खोलीत मोडेम किंचाळून लाइन जोडायचा तेव्हा तू खरंच झोपलेली असायचीस?

म्हणजे उत्तर मला तेव्हाच मिळालं होतं. मी ते इतकी वर्षं थट्टेवारी नेलं, एवढंच. तू महिन्यानं सामान घेऊन कायमची निघालीस तो दिवस आठव. भुसावळचा स्टँड. हे ट्रंक वर चढवत होते. तू खिडकीशी बसलीस, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, मांडीवर शिदोरी. कॉम्प्युटर तू घरीच ठेवून चालली होतीस, वकीलसाहेबांकडे त्यांचा होता. मी खालून तुझा हात धरला होता आणि सोडत नव्हते. सगळं अजून सांगायचंच होतं. कंडक्टरनं घंटी मारली. मी काही बोलले नाही, तेव्हाही नाही आणि पुढच्या पंचवीस वर्षांतही नाही. तूच वाकलीस, माझी बोटं एकेक करून सोडवलीस, आणि कानाशी येऊन म्हणालीस:

"वहिनी, आते तो पाच नंबर तुना मोडेमले दी टाक. मी जास."